शिशात गुंफलेली पानेफुले : जुन्या वास्तूंतील रंगीत तावदाने

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे नगर योगेश्वरी देवीचे क्षेत्र म्हणून, तसेच आद्यकवी मुकुंदराज आणि संतकवी दासोपंत यांच्या समाधिस्थानांमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या या नगराची वास्तुपरंपरा प्रामुख्याने दगडाची आहे. हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी लेणी आणि येथील प्राचीन मंदिरे ही तिची ठळक उदाहरणे होत. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांनीही हाच वारसा पुढे चालविला. जाड भिंती, बाहेरच्या बाजूस मोजक्या व लहान खिडक्या आणि मधल्या चौकातून घरभर पोचणारा उजेड ही या वाड्यांची ओळख. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, तेथे ही रचना शहाणपणाची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरातून येणारी युरोपीय काच दूरदूरच्या सधन घरांपर्यंत पोचू लागली. दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे आली, भिंतीवर बिलोरी आरसे आले आणि दरवाजांवरील कमानींत लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या काचा बसल्या. बंगले, राजवाडे आणि सार्वजनिक इमारती यांत याहून नाजूक असा एक प्रकार अवतरला. काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफून पाने, फुले, वेली व पक्षी साकारणाऱ्या या खिडक्या होत.

आज जुनी वास्तू उतरविली जाते तेव्हा सागवानी खांब, तुळया आणि घडीव दगड यांना भाव येतो. तावदाने मात्र पुष्कळदा मातीच्या ढिगाऱ्यात जातात. खिडकी फुगली, काचा खुळखुळू लागल्या, म्हणजे ती निकामी झाली असा सर्वसाधारण समज आहे. हा समज बहुधा चुकीचा असतो. अशा खिडकीत थकलेले असते ते शिसे; काच बहुतेक वेळा धडधाकट असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, तरी कित्येक तावदाने वाचू शकतील.

तावदानांचे तीन प्रकार

जुन्या घरातील रंगीत तावदान कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम ओळखावे लागते. पहिला प्रकार लाकडी चौकटीतील साध्या रंगीत काचांचा. वाड्यांच्या कमानींत तो अधिक आढळतो. प्रत्येक काचेभोवती लाकडाची पट्टी असते आणि एक काच फुटली तर तेवढीच बदलता येते. दुसरा प्रकार रंगविलेल्या काचेचा. यात सलग काचेवर रंगाने चित्र काढलेले असते. रंग भट्टीत भाजलेला नसेल, तर ओल्या फडक्यानेही तो निघून येतो. तिसरा प्रकार शिशाच्या जोडकामाचा. यात काचेच्या तुकड्यांमध्ये बोटाएवढी किंवा त्याहून अरुंद, करड्या रंगाची मऊ पट्टी दिसते. ती नखाने दाबली तर किंचित दबते. लाकूड वा लोखंड असे दबत नाही.

शिशाची खिडकी कशी घडते

प्रथम खिडकीच्या प्रत्यक्ष आकाराचे रेखाचित्र कागदावर काढतात. त्यातील प्रत्येक रेषा ही पुढे शिशाची पट्टी होणार असते. रेखाचित्रावरून प्रत्येक तुकड्याचा नमुना कापून त्याबरहुकूम काच कापली जाते. शिशाच्या पट्टीला दोन्ही अंगांनी खोबण असते. तिचा छेद इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा दिसतो. एका खोबणीत एक तुकडा, दुसरीत शेजारचा, अशी जुळणी करीत संपूर्ण चित्र मांडले जाते. पट्ट्या जेथे एकमेकींना मिळतात तो प्रत्येक सांधा कथील व शिसे यांच्या मिश्रणाने झाळतात. त्यानंतर खडूची भुकटी, जवसाचे तेल आणि थोडी काजळी यांची लांबी पट्टीच्या कडेखाली दाबून भरतात. या लांबीमुळे खिडकी पावसाचे पाणी अडविते आणि तिला ताठपणा येतो. मोठ्या खिडक्यांना आतून आडवे लोखंडी गज देऊन त्यांना तांब्याच्या तारांनी शिसे बांधलेले असते.

अस्सल कामातील रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असताना तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा, मँगेनीजने जांभळा, तर लोह व तांबे यांनी हिरव्याच्या निरनिराळ्या छटा मिळतात. गडद लाल काच पुष्कळदा दुपदरी असते. पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढविलेला असतो. पानांच्या शिरा, पाकळ्यांच्या छटा किंवा पक्ष्यांचे डोळे यांसारखे बारकावे काचेची पूड व धातूची भस्मे यांच्या रंगाने काढून भट्टीत भाजून पक्के करतात. चांदीच्या संयुगाने काचेवर पिवळी झाक आणण्याची युक्ती युरोपात चौदाव्या शतकाच्या आरंभापासून प्रचारात आहे.

पाने, वेली आणि पक्षीच का?

मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या खिडक्यांत धर्मकथा व संतांची चित्रे असत. एकोणिसाव्या शतकात ही कला पुनरुज्जीवित होऊन घरांत शिरली, तेव्हा राहत्या घराला शोभेल असा विषय हवा होता. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८६१ साली स्थापन केलेल्या संस्थेने आणि अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्याने फुलझाडे, वेली, ऋतू व पक्षी यांना काचेत मानाचे स्थान दिले. शतकाच्या अखेरीस ‘आर नुव्हो’ शैलीने कमळासारखी लिली, द्राक्षवेल आणि मोर यांची वळणदार रूपे जगभर नेली.

या निवडीमागे कारागिरीचेही कारण आहे. काचेचा तुकडा कापताना आत वळलेला तीक्ष्ण कोपरा काढता येत नाही. काच तेथेच तडकते. पान, पाकळी, पक्ष्याचे अंग यांच्या कडा मात्र सौम्यपणे वळतात आणि हिरकणीला सहज वश होतात. शिशाची काळी रेघ टाळता येत नसल्यामुळे कारागीर तिलाच वेलीचा देठ किंवा पानाची मधली शीर बनवितो. खिडकीला आधार देणारा भाग अशा रीतीने चित्राचाच भाग होतो. उत्तम खिडकीची पारख याच खुणेवरून करावी. ज्या रेषेला चित्रात काही अर्थ नाही अशी वेडीवाकडी रेषा बहुधा नंतरच्या दुरुस्तीची असते.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे

या कलेचे दर्शन महाराष्ट्रात प्रथम मुंबईस घडते. कुलाब्याच्या अफगाण चर्चचे अभिषेकपूर्वक उद्घाटन १८५८ साली झाले. त्याच्या खिडक्या विल्यम वेल्स या इंग्रज कलावंताच्या कार्यशाळेतील आहेत. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांचे काम १८६९ साली सुरू होऊन १८७८ साली पूर्ण झाले. तेथील रंगीत काचांच्या खिडक्यांसह संपूर्ण वास्तूच्या संवर्धनाचे काम २०१५ साली पूर्णत्वास गेले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही १८८८ साली पूर्ण झालेली वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. तिच्या दगडी नक्षीत जशी पाने, प्राणी व पक्षी आहेत तशीच रंगीत काचांतही पानाफुलांची वेलबुट्टी आहे. या वास्तूस २००४ साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

राजनिवासांत कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार तो बांधला गेला. त्याच्या दरबार सभागृहातील रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग आहेत. मूळ युरोपीय असलेल्या या माध्यमाने मराठी इतिहासाचा विषय किती सहजपणे स्वीकारला, हे तेथे दिसून येते. मराठी राजघराण्याचाच दुसरा निवास म्हणजे बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८९० साली पूर्ण झालेल्या या प्रासादाच्या दरबार सभागृहात बेल्जियमहून आणविलेल्या रंगीत काचा आहेत.

या वास्तूंना अभ्यासक लाभले, निधी लाभला, कायद्याचे संरक्षण लाभले. तालुक्याच्या गावातील वाड्याच्या किंवा बंगल्याच्या एखाद्या खिडकीला यांपैकी काहीच नसते. तिचे भवितव्य सर्वस्वी घरमालकाच्या हाती असते.

शिसे थकते, काच टिकते

जुनी काच हळूहळू खाली ओघळते, म्हणून ती तळाशी जाड असते, असे अनेकदा सांगितले जाते. यात तथ्य नाही. जुन्या पद्धतीने फुंकून केलेली काच मुळातच कमीअधिक जाडीची असे. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही. शिसे मात्र अतिशय मऊ असून स्वतःच्या भाराने कालांतराने ताणले जाते. शिवाय उष्णतेने शिसे काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. दिवसा तापणे आणि रात्री निवणे हा क्रम वर्षानुवर्षे चालला की सांधे तडकतात, लांबी भुगा होऊन गळते आणि खिडकी फुगते. मराठवाड्यातील कडक उन्हात पश्चिमेकडील खिडक्यांना हा त्रास अधिक संभवतो. साधारणतः शंभर वर्षांच्या आसपास शिशाचे काम नव्याने करावे लागते. ज्या काळात अशा खिडक्या आपल्याकडे बसविल्या गेल्या तो काळ पाहता, त्यांपैकी पुष्कळांची ही घटका आता भरली आहे.

नवे शिसे घालणे ही परिचित दुरुस्ती आहे. कागद ठेवून त्यावर कोळसा घासून शिशाच्या रेषांचा ठसा घेतात. प्रत्येक तुकड्यास क्रमांक देतात, जुने शिसे उकलतात, काच स्वच्छ करतात आणि त्याच ठशावर नव्या पट्ट्यांत पुन्हा जुळणी करतात. तडकलेला तुकडा फेकून न देता तो कडेने चिकटवून परत वापरता येतो, कारण त्याच छटेची काच पुन्हा मिळणे दुर्घट असते.

घरमालकांनी घ्यावयाची काळजी

तावदान पुसण्यासाठी मऊ ब्रश व स्वच्छ पाण्याचा किंचित ओला बोळा पुरेसा आहे. आम्ल, सोडा, तारेचा ब्रश किंवा खरखरीत पूड कदापि वापरू नये. काचेवर रंगकाम असेल तर ते सुटत नाही ना, हे आधी एका कोपऱ्यात पाहावे. फुगलेली खिडकी हाताने दाबून सपाट करू नये, काचा तडकतात. फटी बुजविण्यासाठी सिमेंट किंवा कडक होणारी रसायने भरू नयेत, कारण पुढील दुरुस्तीत काच त्यांतून सोडविता येत नाही. शिशावर पांढरी भुकटी दिसल्यास ती विषारी समजावी. काम करताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी, नंतर हात धुवावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

वास्तू उतरविणे अटळच असेल, तर खिडकी चौकटीसह काढावी. तत्पूर्वी आतून व बाहेरून, प्रकाश पाठीमागे असताना, छायाचित्रे घ्यावीत. ती कोणत्या खोलीत, कोणत्या दिशेस होती व तिची कोणती बाजू बाहेर होती, हे लिहून ठेवावे. शिशाचे तावदान आडवे उचलल्यास आपल्याच भाराने मधोमध वाकते. म्हणून फळीचा आधार देऊन ते उभेच न्यावे आणि उभेच ठेवावे.

कायद्याची बाजूही जाणून घेणे हिताचे आहे. पुरावशेष व कलासंपदा अधिनियम, १९७२ यातील व्याख्येत किमान शंभर वर्षे जुन्या, इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूंचाही समावेश होतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. शंका असल्यास राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे विचारणा करणे इष्ट होय.

स्थानिक कौशल्याची संधी

या कामाला लागणारी मूळ कौशल्ये ग्रामीण भागास अपरिचित नाहीत. हिरकणीने काच कापणारा तसबिरींचा कारागीर बाजारपेठेच्या प्रत्येक गावी असतो, आणि कथलाचे झाळकाम तांबट-कासारांच्या हातचे आहे. या दोन हातांना शिशाच्या पट्टीची ओळख करून दिली, तर दुरुस्तीसाठी महानगराकडे धाव घेण्याची गरज बरीच कमी होईल आणि काही तरुणांना एक नवा व्यवसायही लाभेल.

त्याआधीचे पाऊल मात्र नोंदीचे आहे. अंबाजोगाईसारख्या शिक्षणाची परंपरा असलेल्या नगरात शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापल्या गल्लीतील जुन्या वास्तूंची पाहणी करून कोठे कोणते तावदान आहे, त्यावर कोणते फूल वा पक्षी आहे, शिसे कितपत शाबूत आहे, याची सचित्र सूची तयार करू शकतील. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. सूचीत आलेली खिडकी ढिगाऱ्यात जाण्यापूर्वी कोणाच्या तरी दृष्टीस पडलेली असेल, आणि पुष्कळदा तिच्या रक्षणास तेवढेही पुरते.