गालिच्याआधी स्कर्टिंग : ओल, उंची आणि कामाचा क्रम

गोव्यातील बहुतेक घरांत जमीन उघडी ठेवण्याचीच रीत असून स्कर्टिंगही फरशीचेच असते. मात्र सभागृहे, हॉटेलांच्या खोल्या, ध्वनिमुद्रण कक्ष अशा ठिकाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरला जातो. तेथे लाकडी स्कर्टिंग लावायचे झाल्यास पहिला प्रश्न क्रमाचा असतो : आधी स्कर्टिंग की आधी गालिचा?

ताणून बसवायच्या गालिच्यासाठी स्कर्टिंगच आधी लागते. अशा गालिच्याच्या चहूबाजूंनी जमिनीवर बारीक खिळ्यांची लाकडी पट्टी ठोकतात. तिचे खिळे भिंतीकडे कललेले असतात. गालिचा ताणून त्यांत अडकवला जातो आणि उरलेली कड ही पट्टी व स्कर्टिंग यांमधील अरुंद फटीत दाबली जाते. फट गालिच्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवली, तर कड घट्ट बसते. स्कर्टिंगच जागेवर नसेल, तर हे अंतर ठरवायचे कशावरून? शिवाय गालिचा स्कर्टिंगच्या आधी झिजतो. तो पट्टीखाली अडकलेला असल्यास बदलताना पट्टी उचकटावी लागते आणि तिच्यासोबत गिलावाही निघतो. चिकटवायच्या चौकोनी कार्पेट टाइल्सना ताण नसतो. त्यांच्या कापलेल्या कडा झाकण्यासाठी स्कर्टिंग नंतर लावले तरी चालते.

परंतु क्रमाच्याही आधी तपासायची ती ओल. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या तळाशी प्रथम दिसते आणि नेमका तोच भाग स्कर्टिंग व गालिचा झाकून टाकतात. जुन्या चिऱ्यांच्या भिंती सच्छिद्र असतात. त्यांच्या पायाशी ओलप्रतिबंधक थर नसेल, तर लाकूड कुजेपर्यंत किंवा वाळवी लागेपर्यंत वरून काहीच कळत नाही. यासाठी सोपी परीक्षा आहे. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीच्या तळाशी आणि दुसरा जमिनीवर, चारही कडांना चिकटपट्टी लावून, किमान २४ तास ठेवावा. आतल्या बाजूने थेंब साचले, तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येत आहे; बाहेरच्या बाजूने साचले, तर ती हवेतील आहे. मार्चमध्ये कोरडी वाटणारी भिंत जुलैमध्ये ओली निघू शकते, म्हणून पावसाळ्यातील परीक्षा अधिक भरवशाची. ओल आढळल्यास तिचा बंदोबस्त होऊन गिलावा पूर्ण सुकेपर्यंत थांबणेच योग्य.

यानंतर उंची. गालिचा आणि त्याखालचा मऊ अंडरले यांची एकत्रित जाडी १५ ते २० मिलिमीटर असू शकते. जमिनीला टेकवलेली ७५ मिलिमीटरची पट्टी त्यामुळे जेमतेम ५५ ते ६० मिलिमीटर दिसते. एक तर १०० मिलिमीटरची पट्टी घ्यावी, नाहीतर पट्टी जमिनीपासून सुमारे १० मिलिमीटर वर बसवावी. निर्णयापूर्वी दोन्हींचे तुकडे एकमेकांवर ठेवून जाडी मोजावी. गालिच्यामुळे एक सोयही होते. जमीन थोडी उंचसखल असली, तरी पट्टीची खालची कड तिच्याप्रमाणे तासावी लागत नाही. लेव्हल ट्यूबने भिंतीवर समपातळीची खूण करून पट्टीची वरची कड तिला जुळवावी. खालची लहानसहान तफावत गालिचा झाकतो.

लाकूड वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेले असावे. पट्टीच्या मागील बाजूस आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर लावावा, कारण ओल तेथूनच शिरते. छिद्रे पाडण्यापूर्वी भिंतीतील वीजवाहिन्यांचा मार्ग पाहून घ्यावा. साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर गिट्टी बसवून स्क्रूने पट्टी आवळावी. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही पट्ट्यांना ४५ अंशांचा काप द्यावा. आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीला भिडवून दुसरीचे टोक तिच्या आकाराप्रमाणे कोरावे. कोपरा नेमका काटकोनात नसला, तरी असा सांधा मिटतो.

रंगाचे सर्व हात गालिचा येण्यापूर्वीच पूर्ण करून सुकू द्यावेत. आत उघडणारे दार नव्या उंचीवर घासणार असेल, तर त्याचा तळही तेव्हाच तासून घ्यावा. गालिचा अंथरल्यावर सांडलेला रंग आणि भुसा काढणे, हे स्कर्टिंग बसवण्याहूनही कठीण काम ठरते.