कातापासून कॅटेकॉलपर्यंत

विड्यातला कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा आटवलेला अर्क. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पानझडी जंगलात साग व ऐनाबरोबर खैरही वाढतो. तिथल्या कातकरी, अर्थात काथोडी, समाजाचे नाव या व्यवसायावरूनच पडले. खैर तोडून साल व पांढरे लाकूड काढायचे, तांबड्या गाभ्याचे ढलपे मडक्यांत उकळायचे आणि गाळलेला रस आटवून वाळवायचा, अशी ही रीत होती.

संस्कृतात काढ्याला ‘क्वाथ’ म्हणतात. कात, काथ आणि हिंदी कत्था ही नावे त्याच्याशी जोडली जातात. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने ‘काते’ची कृती दिली असून त्यात नाचणीचे पीठ मिसळत असल्याचेही नोंदवले आहे. इंग्रजीतले ‘कॅटेचू’ आणि ‘कच’ हे शब्द मात्र मलय भाषेतील ‘काचू’वरून आल्याचे मानतात, कानडीतही ‘काचु’ हा शब्द आहे. सतराव्या शतकात युरोपातले औषधविक्रेते काताला जपानची माती समजत आणि ‘टेरा जपोनिका’ म्हणत.

हा गैरसमज मागे पडून कात प्रयोगशाळेत आला, तो कातडी कमावण्याच्या निमित्ताने. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात मुंबईच्या २०० ग्रेन काताचे १०९ ग्रेन टॅनिन निघाले. कातातला दुसरा मुख्य घटक कॅटेचिन. तो गरम पाण्यात विरघळतो आणि थंड झाल्यावर स्फटिकरूपात खाली बसतो. त्यातून खाण्याचा कात मिळतो. मागे उरलेले टॅनिनयुक्त गडद द्रव्य म्हणजे ‘कच’. ते कातडी कमावण्यासाठी, कापड रंगवण्यासाठी आणि मासेमारीची जाळी टिकवण्यासाठी वापरत. विड्यात चुन्याच्या अल्कलीमुळे कॅटेचिनचे ऑक्सिडीकरण होते आणि तोंड रंगते.

कॅटेचिनच्या ऊर्ध्वपातनातून राइन्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये कॅटेकॉल वेगळे केले. बेंझिनच्या कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, अशी त्याची रचना असते. हीच रचना अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन यांतही आहे. म्हणून त्यांना ‘कॅटेकोलअमाइन’ म्हणतात, जरी शरीर ती खैरापासून नव्हे, टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवते.

ब्रिटिश काळातल्या वनकायद्यांनी खैरतोडीवर निर्बंध आणले आणि कातकऱ्यांचा हा धंदा बसला. पुढे कोळसा पाडणे, मजुरी आणि वीटभट्ट्यांवरचे हंगामी काम त्यांच्या वाट्याला आले. आता कात कारखान्यांत तयार होतो. कोकणात चिपळूण परिसरात असे कारखाने आहेत.