नर्सिंगला जायचे, पण कोणत्या दाराने?

बारावीचा निकाल आणि नीटचे गुण हातात आले की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘डॉक्टरकीचे जमत नाही, मग पोरीला नर्सिंगला टाकू.’ ‘टाकू’ हे क्रियापद आपण इंजिनिअरिंगलाही वापरतो, पण इथे त्यात थोडी हताशा मिसळलेली असते. डॉक्टरकी हुकली म्हणून पदरात पडलेली ही दुय्यम जागा, अशी ती समजूत. वास्तविक या पेशाची स्वतःची परिषद आहे, स्वतःची नोंदणी आहे, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची स्वतःची शिडी आहे. जायचे की नाही यावर घरात आठवडाभर खल होतो. कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात, यावर मात्र एखाद्या संध्याकाळी, कुणा एजंटाच्या फोनवर निर्णय होऊन जातो. माझ्या मते खरा धोका या दुसऱ्या निर्णयात आहे.

पहिल्या प्रश्नामागचा संकोच जुना आहे. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ सालाशी जोडून येते. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तिथल्या स्त्रिया, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. तेव्हाच्या समाजाला हे पचणे कठीण होते. परक्याचे रक्त, मलमूत्र, बाळंतिणीचा विटाळ, परपुरुषाच्या अंगाला हात आणि वर रात्रपाळी! सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात यातले एकही काम बसत नव्हते. त्यामुळे दीर्घकाळ हा पेशा प्रामुख्याने ख्रिस्ती मुलींनी आणि ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा स्त्रियांनी सांभाळला. केरळात नर्स झालेली मुलगी घराची कर्ती झाली, तिच्या पगारावर भावंडे शिकली. आपल्याकडे तिला ‘सिस्टर’ म्हणून मान मिळाला तो रुग्णालयात. लग्नाच्या बाजारात तिच्या रात्रपाळीची चौकशी होत राहिली.

सुरक्षिततेची भीती मात्र केवळ सोवळ्यातून आलेली नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. रात्रपाळीला कपडे बदलायची खोली कुठे आहे, वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे विचारणाऱ्या आईला म्हणूनच कुणी जुनाट म्हणू नये.

आता दारांविषयी. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. त्यातून आरोग्यसेविका तयार होते. सपाटीवर साधारण पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण ही तिची कामे. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका मुलामुलींसाठी खुली आहे. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह, किमान चाळीस टक्क्यांनी उत्तीर्ण असले की पात्रता येते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा मार्ग मोकळा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे असून त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. पदविकेची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, पदवीची नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. नोंदणी मात्र सगळ्यांचीच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, आणि ती झाल्याखेरीज कुणालाही नर्स म्हणून काम करता येत नाही.

एक गैरसमज फार महागात पडतो. ‘आधी एएनएम करू, मग पुढचे पाहू’ असे म्हणणारे पालक त्याला जीएनएमचे पहिले वर्ष समजतात. तसे नाही. एएनएम झालेल्या मुलीला जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तिथे तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते; म्हणजे चार वर्षांची पदवी पाच वर्षांत. हा तोटा मला तितकासा मोठा वाटत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल, तर तीन वर्षांत कमावते होऊन मग पदवी घेणे शहाणपणाचेच आहे. विज्ञान शाखा आणि पुरेसे गुण असतील तर मात्र थेट पदवीच घ्यावी, कारण अध्यापन आणि एमएस्सीचा रस्ता तिथून सरळ जातो.

अभ्यासक्रम ठरला की जाहिराती येऊ लागतात. चकचकीत इमारत, संगणक कक्ष, एसी वर्ग. यांपैकी काहीही पाहू नये, असे मी सांगेन. पाहायचे ते रुग्णालय. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार नर्सिंग महाविद्यालयाला स्वतःचे किमान शंभर खाटांचे पालक रुग्णालय हवे, त्यातल्या निदान पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या हव्यात आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण हवे. जरा हिशेब करून पाहा. वर्षाला साठ जागा असलेल्या पदवी महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून दोनशे चाळीस विद्यार्थी होतात. सगळे एकाच वेळी वॉर्डात नसतात हे धरून निम्मेच मोजले, तरी एकशे वीस विद्यार्थ्यांना तीनशे साठ रुग्ण लागतात. शंभर खाटांत हे बसत नाही, म्हणून महाविद्यालये इतर रुग्णालयांशी करार करतात. ते नियमात बसते. पण करार कुणाशी आहे, ते रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, तिथे नेणारी बस रोज सुटते की तपासणी पथक येण्याच्या दिवशीच सुटते, हे प्रवेशाआधी कळायला हवे.

एवढा आग्रह का, तर शीर सापडणे हे पुस्तकातून येत नाही. प्लास्टिकच्या हातावर ती नेहमी सापडते. जुलाबाने सुकलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या हातावर सापडत नाही, आणि ती शोधायची सवय डझनावारी मुले पाहिल्याशिवाय लागत नाही. रुग्ण ‘बरा दिसत नाही’ हे मॉनिटरच्या आधी ओळखायला शिकणे तर आणखी पुढचे. बाळंतपणांचेही तसेच. ठरावीक संख्येने प्रसूती स्वतःच्या हाताने करून त्यांची नोंदवही भरावी लागते. ज्या रुग्णालयात महिन्याला चारदोन बाळंतपणे होतात, तिथे वर्गातल्या साठ जणांच्या नोंदवह्या कशा भरत असतील, याचा अंदाज बांधायला फार गणित लागत नाही.

याच ठिकाणी सरकारी महाविद्यालय आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेली नर्सिंग शाळा पुढे निघून जाते. इमारतीचा रंग उडालेला असेल, पण वॉर्ड ओसंडून वाहत असतात. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र प्रवेश शासकीय केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. सीईटीचा फॉर्म भरायचा राहिला आणि मग व्यवस्थापन कोट्यातून जागा ‘मिळवली’, की ही सवलत गेलीच. एजंट हे सांगत नाही.

पगाराबाबत या क्षेत्रात दोन वेगळी जगे आहेत. केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, राज्याच्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० पासून, भत्ते वेगळे. खासगीतली तफावत इतकी होती, की परिचारिकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतकाच पगार आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती राज्यांनी करायची होती. कायम सरकारी जागांची भरती रेंगाळते आणि मधल्या काळात कंत्राटी नेमणुकांवर वर्षे निघून जातात. हे गृहीत धरूनच कर्ज काढावे. मुलांसाठी एक आकडा : एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के जागा महिलांना आणि वीस टक्के पुरुषांना आहेत. ‘ब्रदर’ होऊ पाहणाऱ्याने ही अरुंद वाट आधी पाहून घ्यावी.

परदेशाचे आकर्षण आता केरळापुरते राहिलेले नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत लागते आणि तिला वर्षभराची तरी मेहनत हवी. ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक, अमेरिकेला एनक्लेक्स. अमेरिकेसाठी कागदपत्रे तपासणारी संस्था वैद्यकीय, शल्य, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार अशा प्रत्येक विभागात विद्यार्थ्याने वर्गात आणि वॉर्डात काय शिक्षण घेतले, ते पाहते. खाटांचा प्रश्न असा सातासमुद्रापारही पाठ सोडत नाही.

राहिला प्रश्न मुलीच्या स्वतःच्या मनाचा. ‘सेवेची आवड आहे का?’ असे तिला विचारण्यात अर्थ नाही. सतराव्या वर्षी सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा तिने घरातल्या आजारी आजीचे अंग पुसले आहे का, ओकारी पाहून ती तोंड फिरवते की भांडे आणते, ओरडणाऱ्या नातेवाइकासमोर तिचा आवाज चढतो की उतरतो, हे घरच्यांना माहीत असते. रक्त पाहून येणारी चक्कर बहुतेकींची सवयीने जाते. आठ तास उभे राहण्याची आणि तेच काम तितक्याच काळजीने चाळिसाव्या रुग्णालाही करण्याची चिकाटी नसेल, तर ती मात्र सहज येत नाही.

फॉर्म भरण्याआधी बापलेकींनी एक दिवस काढावा. जे महाविद्यालय मनात आहे त्याच्या रुग्णालयात दुपारी दोनच्या सुमारास जावे. सकाळपाळी तेव्हा संपते, हातातली कामे पुढच्या पाळीकडे सोपवली जातात आणि विद्यार्थिनी गणवेशात बाहेर पडतात. त्यांतल्या एखादीला बाजूला घेऊन इतकेच विचारावे, ‘ताई, आज तुमच्या वॉर्डात पेशंट किती होते?’ तिने क्षणाचाही विचार न करता आकडा सांगितला, तर मग कार्यालयात जाऊन फीची चौकशी करावी.