वर्गाचे इच्छापत्र

शाळेत शिकवत असताना दहावीच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एक काम ठरलेले असे. मुलांनी एकमेकांसाठी लिहिलेली शेलापागोटी वाचायची आणि कोणाच्या मनाला लागेल असे काही असेल तर ते बाजूला काढायचे. एका वर्षी अशीच एक चिठ्ठी हाती आली. लष्करात जायचे म्हणून रोज पहाटे धावणाऱ्या एका मुलासाठी ती होती. पंधरा वर्षांनी शाळेच्या सभागृहात याचा हार घातलेला फोटो असेल, अशा अर्थाचा विनोद होता. मी ती चिठ्ठी फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी समारंभ हसतखेळत पार पडला. निघताना तो मुलगा म्हणाला, "बाई, सगळ्यांना शेलापागोटं मिळालं, मलाच नाही." मला उत्तर देता आले नाही.

ज्याच्या वाटेत धोका आहे त्याला निरोप देताना थट्टा करावी का, आणि करायची तर कोणती? निवृत्तीनंतर हा प्रश्न मला एका अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचे वार्षिकांक मी वाचू लागले. तिथे एखादाच मुलगा नव्हे, जवळजवळ सगळा वर्गच शाळेच्या दारातून युद्धाकडे निघालेला होता.

आधी त्या अंकांची रीत सांगते. अमेरिकेत माध्यमिक शाळेचे शेवटचे वर्ष मे-जूनमध्ये संपते. त्या सुमारास निघणाऱ्या वार्षिकांकात प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र आणि त्याखाली त्याच्या स्वभावावर एखादे वाक्य असते. धाकट्या वर्गाकडून निरोपाचे चार शब्द असतात. शिवाय दोन गमतीची सदरे ठरलेली असत. पहिले 'वर्गाचे भविष्य'. त्यात दहावीस वर्षांनंतरचा काळ कल्पून कोण काय झाले हे सांगितले जाई. गणितात कच्चा असलेला बँकेचा अध्यक्ष होई, अबोल मुलगी राजकारण गाजवी. दुसरे 'वर्गाचे इच्छापत्र'. कोर्टाच्या भाषेचा आव आणून जाणारे विद्यार्थी मागे राहणाऱ्यांना काहीबाही देऊन टाकत. कोणी उशिरा येण्याची हातोटी, कोणी खिडकीजवळची जागा, तर कोणी न सुटलेली गणिते. आपल्या शेलापागोट्यांची ही सख्खी भावंडेच म्हणायची.

मराठीत या दस्तऐवजाला दोन शब्द आहेत : इच्छापत्र आणि मृत्युपत्र. शांततेच्या काळात तो विनोद पहिल्या शब्दात मावत होता. युद्धाच्या काळात दुसरा शब्द कोणी न उच्चारताही त्याच्या मागे उभा राहिला.

त्याला कारण होते कायदा. सप्टेंबर १९४०च्या कायद्याने सक्तीच्या भरतीसाठी नोंदणी सुरू झाली ती २१ वर्षांपुढील पुरुषांची. म्हणजे शाळेतल्या मुलापासून युद्ध अजून दूर होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि १३ नोव्हेंबर १९४२ रोजी भरतीचे वय १८ वर आले. या दुरुस्तीत एक सवलत होती. शाळेच्या वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणे आले, तर विद्यार्थ्याच्या विनंतीवरून वर्ष संपेपर्यंत ते पुढे ढकलता येई. सवलत चांगलीच होती. पण तिच्यामुळे पदवीदानाचा दिवस हाच त्या मुदतीचा शेवटचा दिवस ठरला. काहींना तर तेवढाही वेळ मिळाला नाही. पालकांच्या संमतीने सतराव्या वर्षी नौदलात जाता येत असे. असे लवकर गेलेल्या मुलाचे प्रमाणपत्र घ्यायला कधी त्याची आई व्यासपीठावर येई.

कॅथलिक शाळांच्या बाबतीत यात आणखी एक पदर होता. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा आदेश दिला. आयरिश, इटालियन, पोलिश, जर्मन अशा स्थलांतरितांची मुले या शाळांत शिकली. शिकवणाऱ्या बहुतेक संन्यस्त भगिनी आणि बंधू होते. या शाळांकडे संशयाने पाहणारेही बरेच होते. ऑरेगन राज्याने १९२२ साली मुलांना सरकारी शाळांतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. तो अमलात येता तर या शाळा बंदच पडल्या असत्या. एका भगिनीसंघाने दाद मागितली आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. युद्धात इटलीशी वैर आले, तेव्हा नागरिकत्व न मिळालेले इटालियन ऑक्टोबर १९४२पर्यंत 'शत्रुदेशीय परके' गणले गेले. ज्या घरात आजीवर असा शिक्का होता, त्याच घरातला नातू अमेरिकेच्या गणवेशात लढायला जाऊ शकत होता. या अंकांत राष्ट्रध्वज आणि मारियामातेचे चित्र जवळजवळ का दिसतात, हे त्यामुळे कळते. आपण दोन्हींचे आहोत, हे त्यांना सांगायचे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. युद्धाने थट्टा बंद पडली का? मी चाळलेल्या अंकांत तसे दिसले नाही. कागदाच्या टंचाईने पाने कमी झाली, विनोदात साखरेचे आणि पेट्रोलचे रेशनिंग आले. पण भविष्य आणि इच्छापत्र टिकून राहिले. आणि या भविष्यांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. वीस वर्षांनंतरच्या त्या काल्पनिक जगात सगळे हयात असतात. कोणाला टक्कल पडलेले असते, कोणाला सात मुले झालेली असतात, कोणी अजूनही उशिराच येतो. मेलेला कोणीच नसतो.

मुलांना मरण ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. युद्धावर गेलेल्या प्रत्येकासाठी ध्वजावर एक निळा तारा लावायची तिथे प्रथा होती. तो मारला गेला की निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. घरांप्रमाणेच शाळा आणि चर्चमध्येही असे ध्वज लागले. आणि प्रार्थना तर रोजचीच. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी म्हणतात ती 'नमो मारिया' ही प्रार्थना याही मुलांची होती. तिच्या शेवटी आमच्या मरणाच्या घडीलाही आमच्यासाठी विनंती कर, असे मारियामातेला विनवलेले असते. सतरा-अठरा वर्षांची मुले हे रोज, अनेकदा, मोठ्याने म्हणत होती.

मला वाटते, उत्तर इथेच आहे. मरणाची जागा प्रार्थनेत होती. तिथे त्याचे नाव स्पष्ट घेतले जाई, म्हणून विनोदाच्या पानावर ते आणावे लागत नसे आणि दडवावेही लागत नसे. त्या पानाचे काम वेगळे होते : जाणाऱ्याला टक्कल पडेपर्यंतचे आयुष्य देऊन टाकणे.

मुलींच्या शाळांतही युद्ध दूर नव्हते. १९४३च्या बोल्टन कायद्याने 'कॅडेट नर्स कोअर' उभे राहिले आणि शाळा संपवून वयाची सतरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलींना परिचारिकेचे शिक्षण विनामूल्य खुले झाले. भविष्य सांगणारीला ही नोकरी थट्टेत गुंफावी लागली नाही. समोर बसलेली मैत्रीण खरोखरच तिकडे निघालेली होती.

१९४५चा वर्ग विलक्षण संधिकाळात बाहेर पडला. ८ मे रोजी युरोपातील युद्ध संपले होते आणि ओकिनावा बेटावर मात्र लढाई चालू होती. जपानची शरणागती ऑगस्टमध्ये आली. तोवर या युद्धात अमेरिकेचे चार लाखांहून अधिक सैनिक गेले होते. त्या भविष्यांतली वीस वर्षे काहींना मिळाली, काहींना मिळाली नाहीत.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंग्रजीतला 'गुडबाय' हाही 'देव तुझ्याबरोबर असो' या वाक्याचा झिजलेला अवशेष आहे. निरोपाचे शब्द माहिती देण्यासाठी नसतात. ते जाणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवण्यासाठी असतात.

ती चिठ्ठी फाडली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. चूक पुढची होती. मी दुसरी लिहून घेतली नाही. कोणाच्या तरी हाती कोरा कागद देऊन सांगायला हवे होते की, याला पन्नास वर्षांचा कर, पोट सुटलेला कर, नातवाला पहाटे धावायला उठवताना शिव्या खाणारा कर. तो मुलगा पुढे लष्करात गेला. सुट्टीवर आला की भेटून जातो, आणि निघताना दारात 'येतो, बाई' म्हणतो. या दिवाळीत आला, तर त्याचे राहिलेले शेलापागोटे मी लिहून ठेवले आहे.