बारा किलोंचं दशक

कार्यक्रम ठरवणारा माणूस हल्ली पहिल्यांदा ट्रॅकचं विचारतो. मग गायकाचं. वादकाचा विषय निघतच नाही. यंदा दुर्गापूजा आटोपल्यावर आमच्याच भागातल्या एका क्लबाने विजया संमेलनीसाठी, म्हणजे पूजेनंतरच्या स्नेहमेळाव्यासाठी, निरोप धाडला, "दादा, तो लांबलचक पियानो नको, स्टेजवर जागा अडते. गाण्यांचे ट्रॅक पेन ड्राइव्हवर आणा आणि वाटलं तर बाजूला उभं राहून वाजवल्यासारखं करा." शेवटचं वाक्य चेष्टेने म्हटलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं. त्या संध्याकाळी माझ्यावाचून कुणाचंच अडलं नाही, हे कळल्यावर लिहायला बसलो आहे. त्यामुळे पुढच्या मजकुरात जे कडवट लागेल ते त्या संध्याकाळच्या खात्यावर टाकावं.

कोलकात्यातल्या डमडमच्या रहिवाशाने रेकॉर्ड केलेल्या संगीतावर रागवावं, यातली गंमत मलाही कळते. ग्रामोफोन कंपनीचा जेसोर रोडवरचा कारखाना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस इथे उभा राहिला आणि पुढे कित्येक वर्षं देशभर वाजणाऱ्या तबकड्या इथून जात होत्या. इथल्या स्टुडिओत बंगाली गाण्याच्या पिढ्या घडल्या. पण तबकडीत जे वाजत होतं ते माणसांनी वाजवलेलं होतं आणि त्या माणसांना स्टुडिओबाहेरही काम होतं. तबकडीने जलसे बंद पाडले नाहीत.

त्याआधीचा आणि नंतरचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण कोलकात्यात तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्वारकानाथ घोषांनी इथे हातभात्याची पेटी बनवली. पुढे स्केल चेंजर पेट्यांसाठी हे शहर नावाजलं गेलं. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. मुंबईचे व्ही. बालसारा १९५४ साली इथे आले आणि २००५ मध्ये इथेच वारले. पियानो, युनिव्हॉक्स, मेलोडिका, हाताला येईल ते त्यांनी वाजवलं. पार्क स्ट्रीटवर ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स वाजवायचे, मग ते मुंबईला गेले. गोव्याच्या ब्रागांझांची पेढी पियानो विकायची, भाड्याने द्यायची, सुरात लावून द्यायची. नंतरची वर्षं लोडशेडिंगची आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या की-बोर्डांची. डाव्या हाताने एक पट्टी दाबली की आतला ठेका, बास आणि व्हायोलिनं आपोआप सुरू व्हायची. त्या वर्षांबद्दल मला चांगलं काही सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

माझं दशक साधारण २००९ ते २०१९. बदलीने आलो, नागेरबाजारजवळ बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिलो आणि नोकरी सांभाळून वाजवू लागलो. खऱ्या पियानोचा स्पर्श असलेलं वाद्य एका माणसाला उचलता येईल आणि पगारदाराला परवडेल, ही गोष्ट तोवर जमत नव्हती. १९७० च्या ऱ्होड्स स्टेज पियानोला दोन माणसं लागत. यामाहाचा १९७६ चा सीपी-७० फिरवता यायचा म्हणे, पण त्यात खऱ्या तारा होत्या आणि त्याचं वजन शंभर किलोंच्या वर होतं. २००३ साली कॅसिओने प्रिव्हिया काढला आणि गाडी रुळावर आली. डमडमपर्यंत ती पोचायला आणखी काही वर्षं गेली. पुढे प्रिव्हियाचाच २०१२ चा पीएक्स-१५० साधारण ११ किलोंचा, २०१५ चा यामाहा पी-४५ साडेअकरा किलोंचा, २०१७ चा कावाई ईएस-११० बारा किलोंचा. २०१६ चा रोलँड एफपी-३० चौदाच्या वर जातो, पण त्याची पट्टी बोटाखाली सगळ्यांत भरीव लागते. सगळ्यांना ८८ पट्ट्या आणि आत हातोड्यांची यंत्रणा, खर्जाकडे जड, वर हलकी होत जाणारी.

हे वाद्य निवडायचं कसं, यावर रवींद्र सरणीवरच्या दुकानांत मी बरेच वाद घातले आहेत. विक्रेता सांगायचा टोन किती. ह्यात पाचशे, त्यात सातशे. पी-४५ मध्ये दहाच आहेत म्हटल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. दहातले सात मी कधी वाजवले नाहीत. एक चांगला पियानो, एक इलेक्ट्रिक पियानो आणि मागे धरून ठेवायला व्हायोलिनांचा थर, एवढ्यावर अख्खा हंगाम निघतो. वाद्य बंद ठेवून पट्ट्या दाबून पाहाव्यात. काळ्या पट्टीच्या अगदी मुळाशी बोट नेऊन दाबलं तर ती दबते का? पट्टी खाली आपटताना आवाज किती होतो? घरी हेडफोन लावून रात्री अकराला बसलं की तुम्हाला शोपँ ऐकू येतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना नुसती धडधड. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घातल्यावर आमचं सख्य टिकलं.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मागची बाजू पाहा. पी-४५ ला आणि पहिल्या एफपी-३० ला लाइन आउट, म्हणजे साउंड सिस्टिमला जोडायचा जॅक नाही, हेडफोनच्या जॅकमधूनच आवाज काढायचा. ईएस-११० ला आहे, कॅसिओच्या पीएक्स-१६० ला आहे, यामाहाच्या २०१८ च्या पी-१२५ ला आहे. रोलँडला २०२१ च्या एफपी-३०एक्समध्ये ते सुचलं. घरी वाजवणाऱ्याला याने फरक पडत नाही. मंचावर हेडफोनची बारीक पिन, त्यावर जोडणी, त्यावर पन्नास फुटांची केबल आणि जनरेटरवर चाललेली साउंड सिस्टिम असली की पियानोआधी घरघर ऐकू येते. चाळीस हजारांचं वाद्य विकताना शे-दोनशे रुपयांचे दोन जॅक वाचवणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही. माझ्याकडे कोणतं वाद्य होतं ते सांगणार नाही. साउंडवाल्याला मात्र मी कायम स्वतःचा डीआय बॉक्स, ही घरघर अडवणारी डबी, दिला आणि त्याने तो कायम शंकेने पाहिला.

मंच म्हणजे बहुतेक वेळा माचा. बांबूंचा, वर फळ्या, फळ्यांवर कापड. पूजेपासून माघापर्यंत डमडम, बारासात, मध्यमग्राम, जिथे क्लब तिथे माचा. ढोलकीवाल्याचा पाय फळीवर पडला की माझा एक्स स्टँड डुलायचा. दुहेरी दांड्यांचा स्टँड घेतल्यावर ते थांबलं, पण वजन वाढलं. डिसेंबरात रात्री दहानंतर दव पडायचं आणि पट्ट्या ओल्या व्हायच्या. खांद्यावरचा पंचा शोभेसाठी नसायचा. पावसाळ्यात घरातल्या घरात वेगळी लढाई. पट्ट्यांखाली रबराच्या पट्टीवर जे संपर्कबिंदू असतात त्यांच्यावर दमटपणा आणि धूळ बसली की हळू दाबलेली पट्टी एकदम किंचाळते. ऐन भैरवीत. सिलिका जेलच्या पिशव्या, वरून सुती चादर आणि वर्षातून एकदा उघडून पुसणं. तरीही ज्यांच्या घरी आजोबांचा उभा पियानो होता, फुगलेलं लाकूड, गंजलेल्या तारा आणि कसर लागलेलं फेल्ट घेऊन बसलेला, ते माझ्याकडे हेव्याने पाहायचे.

नेण्याआणण्याचं सांगितलं नाही तर हे दशक कळणार नाही. पियानो बारा किलो, अस्तराची पिशवी तीन-चार, स्टँड, पेडल, अडॅप्टर. तिसऱ्या मजल्यावरून खाली. मग पिवळी अँबेसेडर टॅक्सी. सव्वातीन-चार फुटांची वाद्यं तिने सहज गिळली असती, आमचं साडेचार फुटांचं मागच्या सीटवर तिरकं बसायचं, एक टोक खिडकीच्या काचेला आणि दुसरं माझ्या मांडीवर. ड्रायव्हर विचारायचा, मृतदेह नाही ना? २०१४ साली अँबेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. त्याच सुमारास ॲपच्या छोट्या गाड्या आल्या आणि पिशवी पाहून ड्रायव्हर फेरी रद्द करू लागले. आता पंधरा वर्षं झालेली टॅक्सी रस्त्यावरून काढण्याच्या नियमाने पिवळ्या गाड्याही भराभर मोडीत निघाल्या आहेत. मेट्रो डमडमहून थेट जतीन दास पार्कला नेते, तिथून मराठी कार्यक्रमांसाठी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासापर्यंत चालत जाता येतं. पण संध्याकाळच्या गर्दीत ते ओझं घेऊन मेट्रोत चढलात की आजूबाजूचे लोक जे बोलतात त्याला उत्तर देण्याइतकं माझं बंगाली चांगलं नाही.

मराठी कार्यक्रमांत माझा जुना वाद पेटीवाल्यांशी. भावगीतांना पियानो कशाला, त्यावर मींड येत नाही, असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलं. अहो, पेटीवर तरी कुठे येते? याच कारणासाठी पेटीला आकाशवाणीने तीस वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं. ज्यांच्या वाद्याने ती अवहेलना सोसली त्यांनीच पुढच्या वाद्याला दारात अडवावं! दुसरा आरोप ट्रान्सपोजच्या बटणाचा. गायिका ऐन वेळी काळी चारऐवजी काळी पाच मागते, मी बटण दाबतो, पाहणारे नाक मुरडतात. स्केल चेंजर पेटीत हेच काम आख्खा पट्टा सरकवून होतं, त्याला मात्र कारागिरी म्हणायचं. श्रोत्यांत बसलेल्या बंगाली मंडळींनी कधी असला प्रश्न विचारला नाही. ते फक्त सांगायचे, आणखी थोडा वेळ वाजवा.

या दशकात एकच वाद्य घरी आणि मंचावर असायचं. रियाज ज्या पट्टीवर, कार्यक्रम त्याच पट्टीवर. पूर्वी हे सुख पेटीवाल्याला होतं, पियानोवाल्याला नव्हतं. क्लबाच्या गोदामातला, अर्ध्या पट्ट्या मुक्या झालेला की-बोर्ड समोर आला की सवय केलेलं सगळं वाया जायचं. ते संपलं, म्हणून मंचाच्या कडेला बसणारा माणूस ऐटीत बसू लागला.

मोडलं ते हळूहळू. एप्रिल २०१३ मध्ये शारदा ही चिट फंड कंपनी बुडाली. त्याआधी पूजेच्या कमानींवर आणि माचाच्या पडद्यांवर चिट फंडांच्या जाहिराती असत. त्या उतरल्या आणि बजेटं आक्रसली. बजेट आक्रसलं की वादक आधी गळतो, गायक नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या, ऐन हंगामात. पाकिटात रोख देणाऱ्या क्लबांकडे द्यायला काही नव्हतं. २०२० सालचं कशाला सांगू. टाळेबंदी आणि वर २० मेचं अम्फान. नंतर कार्यक्रम परत आले, आम्ही आलो नाही. घरात बसून लोक फोनवर ट्रॅकवर गायला शिकले होते. ट्रॅक वेळेवर येतो, जेवण मागत नाही, गायक चुकला तरी थांबत नाही. हा शेवटचा गुण मला दोष वाटतो. गायिका दुसऱ्या अंतऱ्यात अडखळली तर मी दोन मात्रा जास्त भरायचो, ती सावरायची आणि कुणाला कळायचं नाही. आता ती अडखळते आणि ट्रॅक पुढे निघून जातो. सगळ्या सभागृहाला कळतं.

वाद्यं मात्र सुधारतच राहिली. आजचे पोर्टेबल पियानो आमच्यावेळचे नाहीत. हलके, बारीक, ब्लूटूथवाले. आता ते मुलांच्या परीक्षांसाठी विकले जातात आणि दिवाणखान्यात भिंतीला लागून राहतात. घ्यायचाच असेल तर ८८ पट्ट्यांचा, बारा किलोंच्या आतला आणि लाइन आउट असलेलाच घ्या, टोन मोजू नका. आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना एक विनंती. गणेशोत्सवातली एक संध्याकाळ तरी ट्रॅकशिवाय ठेवा. वाद्य आम्ही आणू, केबल आम्ही आणू, डीआय बॉक्सही आणू. जिन्यावरून उचलायला एक माणूस तेवढा द्या.