फायरवायरच्या साखळीतील क्रम

संगणकावरील पोर्ट मोजकेच असतात आणि हार्ड डिस्क, व्हिडिओ कॅमेरा, ध्वनिमुद्रणाचे संच अशी जोडावयाची साधने मात्र वाढत जातात. या अडचणीतून पहिले उपकरण संगणकाला, दुसरे पहिल्याला आणि तिसरे दुसऱ्याला जोडण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या स्कझी साखळीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागे आणि तारेच्या टोकावरून संकेत उलटा परतू नये म्हणून तेथे टर्मिनेटर नावाचा रोध बसवावा लागे. १९९५ मध्ये आयईईई १३९४ या नावाने प्रमाणित झालेल्या फायरवायरने ही कटकट संपवली, कारण त्यात नवे उपकरण जोडताच सगळी उपकरणे आपापले क्रमांक स्वतःच ठरवून घेतात.

साखळीतील मधले उपकरण म्हणजे नुसती लांबवलेली तार नव्हे. त्यातील चिप एका पोर्टवर आलेला संकेत वाचते आणि दुसऱ्या पोर्टवरून तो नव्याने पुढे पाठवते. म्हणूनच जो वेग त्या चिपला वाचता येत नाही, तो तिच्या पलीकडे पोहोचत नाही. फायरवायर ४०० चा कमाल वेग सेकंदाला सुमारे ४०० मेगाबिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ५० मेगाबाइट आहे, आणि २००३ मध्ये संगणकांत आलेल्या फायरवायर ८०० चा त्याच्या दुप्पट. नव्या चिपला दोन्ही वेग कळतात, जुनीला फक्त पहिला. संगणक व ८०० ची डिस्क यांच्यामध्ये ४०० ची डिस्क बसवली, तर मागच्या डिस्कचा निम्मा वेग वाया जातो. जागांची अदलाबदल केली, की तोच वेग परत मिळतो. दोन्हींचे जोड वेगळ्या आकाराचे असल्याने एका टोकाला नऊ आणि दुसऱ्या टोकाला सहा पिना असलेली केबल तेवढी लागते.

मात्र योग्य क्रमाने सारेच साधते असे नाही, आणि ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. साखळीतील मार्ग सामायिक असल्यामुळे एका वेळी एकाच उपकरणाला माहिती पाठवता येते. तितकीच माहिती निम्म्या वेगाने पाठवणारी संथ डिस्क मार्ग दुप्पट वेळ अडवून धरते आणि तोवर वेगवान डिस्कला थांबावे लागते. दोन्हींवर एकाच वेळी मोठे काम चालणार असेल आणि संगणकात फायरवायरचे दुसरे स्वतंत्र कार्ड बसवणे शक्य असेल, तर संथ उपकरणासाठी ते बसवणेच अधिक शहाणपणाचे. २०११ मध्ये आलेल्या थंडरबोल्टमध्येही क्रमाचा विचार सुटत नाही: सेकंदाला २० गिगाबिट वेगाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या साखळीत १० गिगाबिटांचे पहिल्या आवृत्तीचे उपकरण मध्ये आले, तर त्याच्या मागील सर्वांना १० गिगाबिटांवरच भागवावे लागते.