एका वेळी एकच छर्रा

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीवर नेमबाजीचा श्रीगणेशा करायचा, असा बेत पनवेलमधल्या एखाद्या मुलाने केला तर तो तिथेच बारगळतो. एक गोळी सुटली की तिच्याच वायूच्या जोराने रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि पुढची गोळी आपसूक नळीत बसते. अशी रायफल आपल्याकडे हाताळायला मिळते ती लष्करात, नाहीतर पोलिसांच्या प्रशिक्षणात. वीस गोळ्यांच्या मॅगझिनची ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) कित्येक जवानांनी तिथेच पहिल्यांदा खांद्याला लावली. घरातून थेट रेंजवर येणाऱ्या मुलामुलींच्या हाती मात्र येते ती १० मीटरची एअर रायफल. आणि ती शिकायला पनवेलकरांना लांब जावं लागत नाही.

पनवेलच्याच कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतला लक्ष्य शूटिंग क्लब नेमबाज सुमा शिरूर यांनी उभा केला. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, संजय चक्रवर्ती यांच्या तालमीत त्या घडल्या. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले. चाळीस छर्रे आणि चाळीसही दहाच्या आत! कागदावरचा तो दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

नवख्याला आधी शिकावी लागते ती शिस्त. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरायचा नसेल तेव्हा बोट ट्रिगरबाहेर, आणि रायफल खाली ठेवताना नळीतून आरपार गेलेली रंगीत सेफ्टी दोरी, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही कुणाला दिसावं. मग रायफलीची ओळख. नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते. कडेचा खटका मागे ओढायचा, ४.५ मिलिमीटरचा सपाट तोंडाचा छर्रा बोटाने खाचेत ठेवायचा, खटका पुढे लोटून बंद करायचा. गाल लाकडावर टेकवायचा. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पुढची गोल कडी दिसते आणि तिच्या मधोमध टार्गेटचा काळा वर्तुळाकार ठिपका आणून बसवायचा. अर्धा श्वास सोडून थांबायचं. ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, मग दुसरा, इतका हलका की बार उडाल्यावर आपलं आपल्यालाच नवल वाटावं. आणि छर्रा गेल्यावरही क्षणभर डोळा साइटवरून काढायचा नाही. याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. नवख्यांचे गुण सर्वांत जास्त वाया जातात ते इथे, कारण निकाल पाहायची घाई झालेली असते.

नंतर पुन्हा खटका ओढण्यापासून सुरुवात. हे यंत्र तुमच्यासाठी पुढचा छर्रा भरून ठेवत नाही, आणि माझ्या मते पहिल्या रायफलीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. पात्रता फेरीत आता ६० छर्रे मारायला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एकेका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. त्यात हात खाली येतो, खांदा सैल होतो, मागचा आठ डोक्यातून काढून टाकता येतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीवर सुरुवात करणाऱ्याला ही उसंत सक्तीची नसते, आणि सक्तीची नसलेली उसंत कुठला उत्साही पोरगा घेईल? ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांनीही हा हातभरणीचा नियम सोडलेला नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते एकेक गोळी स्वतःच्या हाताने भरूनच. आपोआप भरणारं शस्त्र तिथे दिसतं ते २५ मीटरच्या पिस्तूल प्रकारात.

शिरूर यांच्या शिकवण्याचं फळ पाहायचं तर जयपूरच्या अवनी लेखराकडे पाहावं. २०१२ च्या मोटार अपघातानंतर ती व्हीलचेअरवर आहे. टोकियो पॅरालिंपिकमध्ये ३० ऑगस्ट २०२१ ला १० मीटर एअर रायफलमध्ये २४९.६ गुणांसह तिने सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तीन वर्षांनी पॅरिसला तिने पुन्हा सुवर्ण घेतलं, या वेळी २४९.७ गुणांनी. दोन अंतिम फेऱ्या, प्रत्येकी २४ छर्रे, आणि फरक एक दशांश गुणाचा.